ताशी चाळीस किलोमीटर, लिफ्टपर्यंत

मापसाहेबांच्या मेहुण्यांनी त्या दुपारी चहाचा कप खाली ठेवला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं. कप हातात असला की माणूस निदान घोट घेईपर्यंत तरी गप्प बसतो. पण त्यांनी कप ठेवला, चष्मा पुसला, मागच्या खोलीतल्या टेबलावर गरगर फिरणाऱ्या एक्स्प्रेसकडे चार फेऱ्या बघितलं आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "जावईबापू, ह्या गाडीतली माणसं जिवंत आहेत का?"

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली, दुकानादुकानांतून काटे तपासले, खोट्या मापांवर जप्ती आणली, आणि त्याचं बक्षीस म्हणून इमारतीनं हे नाव ठेवलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठ वळायच्या आत म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या खोलीत छोट्या आगगाड्यांचा संसार मांडला होता. खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, ना कमी ना जास्त. आणि मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले भाऊ, हे खरंखुरं रेल्वे इंजिन चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळे त्यांना दादा म्हणत. मापसाहेबही म्हणत, पण जरा दात आवळून.

"का? गाडीला काय झालं?" मापसाहेबांनी विचारलं.

"गाडीला काही नाही हो. पण ह्या वेगानं वळण घेतलं तर पहिल्या डब्यातला प्रवासी शेवटच्या डब्यात सापडेल." दादा हसले, बहिणीला म्हणाले, "बाकी खेळणं छान आहे गं," आणि पुन्हा कप उचलला.

खेळणं! मापसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ह्या माणसानं लग्नाच्या दिवसापासून त्यांच्या कुठल्याच कामाला काम म्हटलं नव्हतं. "तुमचं बरं आहे, जावईबापू. काटा बघायचा, शिक्का मारायचा, घरी यायचं," हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की दादा तोंड उघडत तेव्हाच मापसाहेब ते मनात पूर्ण करून मोकळे होत. निरीक्षक असताना तीन बढत्या मिळाल्या, त्याचं सुख नाही. ह्या एका माणसानं एकदा तरी मान डोलवावी, एवढीच काय ती इच्छा उरली होती, आणि ती ते स्वतःशीही कबूल करत नसत.

दादा गेल्यावर त्यांनी कपाटातून आपलं प्रमाणित स्टॉपवॉच काढलं. रुळालगत बरोबर एक मीटर मोजून दोन खुणा केल्या. एक्स्प्रेसनं ते अंतर नऊ दशांश सेकंदात कापलं. त्याला सत्त्याऐंशीनं गुणलं, तासावर नेलं, आणि मापसाहेब खुर्चीत बसले. ताशी तीनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर. आणि पाठोपाठ धावणारी कोळशाची मालगाडीसुद्धा तीनशे दहानं जात होती. आयुष्यभर लोकांचे पाच-पाच ग्रॅम पकडणारा माणूस स्वतःच्या घरात सात-आठपट माप मारत होता! दुकानदार असते तर त्यांनी स्वतःवर तिथल्या तिथे खटला भरला असता.

त्यांनी दादांना फोन केला. "येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी या. चाळीस डब्यांची मालगाडी, ताशी चाळीस किलोमीटर वेगानं चालवून दाखवतो. अगदी खऱ्यासारखी."

"आणि थांबवणार कशी?" दादांनी विचारलं. "भरलेली मालगाडी थांबवायला आम्हाला एक किलोमीटर लागायचा. तुमची तर बोट दाखवलं की उभी राहते."

"तशीच थांबवून दाखवतो," मापसाहेब म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांनी हिशेब केला. एक किलोमीटर भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे साडेअकरा मीटर. खोली चार मीटरची होती.

पण जागेचं नंतर. आधी वेग. गाडी जोरात पळवायला अक्कल लागत नाही, ती हळू चालवण्यात सगळी मेख आहे, हे मापसाहेबांना पुढच्या आठवड्यात कळलं. जोरात जाताना गाडी रुळावरची धूळ, सांधे, वाकडेपणा सगळं झेपावून ओलांडते. हळू जायला लागली की प्रत्येक धुळीच्या कणापाशी थबकते. एक मीटरला सात पूर्णांक आठ सेकंद हा खरा वेग. त्या वेगानं गाडी दीड मीटर जायची, उचकी लागल्यासारखी थांबायची आणि बोटानं ढोसल्याशिवाय हलायची नाही. मापसाहेब कापसाच्या बोळ्यानं रूळ पुसत गुडघ्यांवर फिरू लागले.

"पूर्वी निदान भुर्रकन जायची तरी," पत्नी दारातून म्हणाल्या. "आता मी बटाटे उकडायला टाकते, सोलते, आणि बघते तर तुमची गाडी अजून त्याच बोगद्यात."

"खऱ्या बोगद्यातही वेळ लागतो."

"खऱ्या बोगद्यात बाहेर कोणी कापूस घेऊन बसलेलं नसतं."

शेजारच्या गणिताच्या बाई, म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी तर मुळावरच घाव घातला. त्या साखर मागायला आल्या आणि पाऊण तास बसल्या. त्यांचं म्हणणं असं, की अंतर जर सत्त्याऐंशीनं भागायचं तर वेळेनं काय घोडं मारलंय? वेळही भागा. म्हणजे गाडी होती त्याच वेगानं पळू दे, आणि मापसाहेबांनी फक्त घड्याळ बदलावं.

"घड्याळ बदलू?" मापसाहेबांचा आवाज चिरकला. "बाई, माझं घड्याळ प्रमाणित आहे!"

"लहान माणसाची मिनिटं लहानच असणार ना. मी आपलं तर्काला धरून बोलते." आणि साखर घेऊन गेल्या. मापसाहेबांना त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही, त्यामुळे ते दोन दिवस घरातल्या सगळ्यांवर, म्हणजे पत्नीवर, खेकसत होते.

मग ओढण्याची ताकद. चाळीस डबे जोडल्यावर कळलं, की इंजिन सतरा डबे ओढतं आणि अठराव्याला चाकं जागच्या जागी फिरतात. मापसाहेबांनी स्प्रिंगचा काटा इंजिनाच्या मागे अडकवून माप घेतलं. इंजिन आपल्या वजनाच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकंच ओढत होतं. म्हणजे वजन वाढवायला हवं. वजन! मापसाहेबांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. इतके दिवस ते विजेच्या आणि मोटारींच्या परक्या मुलखात भटकत होते, आता आपला प्रांत आला.

सुरुवात म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला काटा तपासला. तो शंभर ग्रॅमला चार ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यांनी तो तिथल्या तिथे रद्दबातल ठरवला, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि कपाटावर ठेवून दिला.

"आणि मी केक कशानं मोजू?" पत्नींनी विचारलं.

"खोट्या काट्यानं केलेला केक मला नको."

"बरं झालं. आता खराही मिळणार नाही."

नाक्यावरच्या टायरवाल्याकडे चाकांचा तोल साधायला शिशाच्या चिकट पट्ट्या असतात. मापसाहेब त्याच्याकडे गेले. टायरवाल्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "कुठली गाडी?"

"मालगाडी."

टायरवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे रस्त्यावर बघितलं, आणि मूठभर पट्ट्या दिल्या. वर एक सल्लाही दिला, "साहेब, जास्त मारू नका. तोल जाईल." मापसाहेबांनी तो मानला नाही. वजनाच्या बाबतीत टायरवाल्याचं ऐकायचं म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडणंच झालं. त्यांनी इंजिनाच्या टपावर, बाजूंना, पोटाखाली मिळेल तिथे शिसं चिकटवलं. इंजिन बिऱ्हाड घेऊन निघालेल्या हमालासारखं दिसू लागलं. पण चाळीसच्या चाळीस डबे हलले! मापसाहेबांनी टाळी वाजवली. टाळीचा आवाज विरायच्या आत पत्नींचा आवाज आला, "अहो, काहीतरी जळतंय!"

इंजिनातून धूर येत होता. मोटर गेली होती. म्हणजे वजन वाढवून ताकद वाढते हे खरं, पण ती ताकद कुणाच्या तरी जिवावर वाढते, हे शिसं चिकटवताना लक्षात राहिलं नव्हतं. नवी मोटर बसवून, प्रत्येक वेळी एकेक ग्रॅम वाढवत, स्प्रिंगच्या काट्यावर ओढ मोजत, वहीत आकडे लिहीत त्यांनी शेवटी नेमकं वजन काढलं. चारशे अठरा ग्रॅम. एक ग्रॅम कमी तर डबे राहतात, दहा ग्रॅम जास्त तर मोटर तापते. शिसं आत असं बसवलं की बाहेरून काही दिसेना. सपाट रुळावर चाळीस डबे, ताशी चाळीस किलोमीटर, एकही उचकी नाही. त्या दिवशी मापसाहेब आरशासमोर उभे राहून उगाचच दोनदा भांग पाडून आले.

राहिली जागा. थांबायला साडेअकरा मीटर हवे होते, आणि एवढं सरळ अंतर एकाच ठिकाणी होतं: दाराबाहेरचा मजल्यावरचा कॉरिडॉर. त्यांच्या दारापासून लिफ्टपर्यंत चौदा मीटर. आणि कॉरिडॉर म्हटला की सेक्रेटरी आले.

इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी त्याच मजल्यावर, लिफ्टच्या बरोबर समोर राहत. कागदाशिवाय ते शिंकत नसत. त्यांनी तीन पानांचा अर्ज पुढे केला. 'वाहनाचा प्रकार', 'वाहनाचे वजन', 'वाहनाचा वेग'. मापसाहेबांनी घरी जाऊन सुवाच्य अक्षरात भरला, आणि इथे त्यांची एकतीस वर्षांची नोकरी आडवी आली. दुसरा कोणीही 'अगदी हळू' असं लिहून मोकळा झाला असता. मापसाहेबांनी लिहिलं: प्रकार, मालगाडी. वेग, ताशी चाळीस किलोमीटर. थांबण्यास लागणारे अंतर, एक किलोमीटर.

अर्ज नामंजूर झाला.

"आवारात वाहनांना ताशी दहाची मर्यादा आहे," सेक्रेटरी फाटकावरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाले. "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर चाळीसनं जाणार? शिवाय आपला कॉरिडॉर एक किलोमीटरचा नाही."

"अहो, ते प्रमाणातलं आहे! प्रत्यक्षात ताशी अर्धा किलोमीटरसुद्धा भरत नाही. मुंगी पुढे जाईल."

"मग तसं लिहायचं."

"तसं लिहिलं तर खोटं होईल! ती चाळीसनंच जाते!"

"म्हणजे मर्यादा मोडते."

"नाही मोडत!"

"मग चाळीस का लिहिलंत?"

हे संभाषण जिन्यात, मग लिफ्टमध्ये, मग टपालपेट्यांपाशी असं तीन दिवस चाललं. शेवटी गणिताच्या बाईंनी मध्यस्थी केली. 'प्रमाणानुसार वेग' आणि 'जमिनीवरील वेग' असे दोन रकाने आखून दिले, आणि कमिटीनं दोन अटींवर परवानगी दिली. एक, शिट्टी वाजवायची नाही. दोन, सभासद रस्ता ओलांडत असेल तर गाडीनं थांबावं. मापसाहेबांनी सही केली. अपमान गिळायची त्यांना आता सवय होत चालली होती.

रविवारी अकराला दादा आले. मापसाहेबांच्या मागच्या खोलीतून निघून, दिवाणखाना ओलांडून, उंबऱ्यावरच्या लाकडी पुलावरून रूळ कॉरिडॉरमध्ये उतरले होते आणि थेट लिफ्टच्या दारापुढून पलीकडे जाऊन थांबले होते. दादांनी गुडघ्यावर बसून रुळाला डोळा लावला, मग उठून खिशातलं घड्याळ काढलं. मापसाहेबांनी बटण फिरवलं.

गाडी निघाली. दिवाणखान्यातून आली, पुलावर चढली, गणिताच्या बाईंच्या दारावरून गेली. बाई दारातच उभ्या होत्या. दादांनी एक मीटर नजरेनं धरला, घड्याळ बघितलं, आणि भुवया वर केल्या. आठ मीटर झाले. इंजिन पुढे सरकलं, आणि मग त्याचा आवाज बदलला. वेग कमी झाला, अजून कमी झाला, आणि लिफ्टपासून हातभर अलीकडे चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली.

काल घरात हीच गाडी! मापसाहेबांनी धावत जाऊन पाणसळ आणली, फरशीवर ठेवली, आणि बुडबुड्याकडे बघत राहिले. कॉरिडॉरचे शेवटचे सहा मीटर लिफ्टकडे चढत होते. दर मीटरला दीड सेंटीमीटर. फरशी धुताना लिफ्टमध्ये पाणी जाऊ नये म्हणून सेक्रेटरींनी गेल्या वर्षी स्वतः उभं राहून करून घेतलेलं काम. माणसाच्या पायाला कळत नाही असला चढ. रोज त्यावरून चालत होते मापसाहेब, आणि हातात कधी पाणसळ घेतली नाही!

तेवढ्यात लिफ्ट उघडली. आत सेक्रेटरी होते आणि त्यांच्या कवेत गुंडाळलेली नवी गादी. गादीमुळे त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं.

"कोण आहे? मला घरी जायचंय."

"थांबा!" दादा गरजले. "गाडी लाइनवर आहे!"

"अटीप्रमाणे गाडीनं थांबायचंय," गादीच्या मागून आवाज आला.

"थांबलेलीच आहे. तुम्ही तिला धक्का लावू नका." दादांनी कोट काढून सेक्रेटरींच्या दाराच्या कडीला अडकवला. "जावईबापू, घाटात गाडी अडकली की मागून दुसरी येऊन आदळू नये म्हणून सहाशे मीटरवर लाल झेंडा धरावा लागतो. तुमच्या मापानं किती?"

"सहा मीटर नव्वद सेंटीमीटर," मापसाहेब आपोआप बोलून गेले. "पण दादा, मागून कुठली गाडी येणार? एक्स्प्रेस तर आत कपाटात आहे."

"मोजा."

मापसाहेबांनी शेवटच्या डब्यापासून फीत लावली. ती गणिताच्या बाईंच्या पायपुसण्यावर संपली. बाईंनी न सांगता घरातून लाल रुमाल आणला आणि हात लांब करून उभ्या राहिल्या.

"आता गाडी तोडायची," दादा म्हणाले. "वीस डबे वर नेऊन ठेवायचे, इंजिन परत आणायचं, उरलेले वीस न्यायचे. घाटातला वेग ताशी पंधरा. त्याच्या वर नाही."

लिफ्टचं दार सेक्रेटरींच्या गादीवर आपटून पुन्हा उघडत होतं आणि दर वेळी एक बारीक घंटी वाजत होती. खालच्या मजल्यावरून कोणीतरी लिफ्टसाठी ओरडत होतं. पत्नी दारात येऊन म्हणाल्या, "दादा, जेवण गार होतंय." दादा पोटावर आडवे पडून विसाव्या आणि एकविसाव्या डब्याची जोडणी सोडवत होते. मापसाहेबांचा पारा चढत गेला. महिनाभर रूळ पुसले, मोटर जाळली, टायरवाल्यासमोर हसं झालं, कमिटीचे पाय धरले, आणि शेवटी ह्या माणसापुढे गाडी अडकली ती अडकलीच. वर तो ती सोडवूही देत नाही. त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "अहो दादा, पुरे! खेळणं आहे ते! हातानं उचलतो मी, दोन मिनिटांत चाळीस डबे वर ठेवतो!"

घंटीसुद्धा थांबली. आपण काय बोललो हे मापसाहेबांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

दादा हळूच उठून बसले. त्यांनी चष्मा काढला. "खेळणं कोण म्हणालं? जावईबापू, मी दोनदा घाटात असा अडकलोय. दोन्ही वेळा आधी आवाज असाच बदलला. अगदी असाच. ही गाडी उचलायची नाही." मग त्यांनी खिशातून एक कागद काढून गुडघ्यावर ठेवला. "विलंबाचा अहवाल लिहायला हवा. चढ?"

"मीटरला दीड सेंटीमीटर," मापसाहेब म्हणाले.

"ते काम नियमानुसार झालेलं आहे!" गादी ओरडली.

"डबे चाळीस. इंजिनाचं वजन?"

"चारशे अठरा ग्रॅम." मापसाहेब घाईघाईनं उठले. "थांबा, काटा आणतो. तुमच्यासमोर पुन्हा वजन करतो. शिवाय ओढीचे सगळे आकडे वहीत आहेत, ते..."

"कशाला?" दादांनी मान वर न करता आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. "तुम्ही केलंय ना वजन? मग ते बरोबरच असणार."

मापसाहेब तिथेच उभे राहिले. कारण नसताना त्यांनी पाणसळीवरची धूळ पुसली. इतक्या वर्षांत कुठल्याही वरिष्ठानं त्यांचा आकडा पुन्हा तपासल्याशिवाय सही केली नव्हती. त्यांना दादांना काहीतरी सांगायचं होतं, पण दादांनी इंजिनाकडे बोट दाखवलं, आणि त्यांनी बटण अगदी अलगद फिरवलं. वीस डबे घेऊन गाडी चढाला लागली.

"मी आता बाहेर येऊ का?" गादीच्या मागून सेक्रेटरींनी विचारलं.

"थांबा!" दोघं एकदमच म्हणाले.